मुलाखतीचे नेहमीचे प्रश्न आणि आपली तयारी

पुढच्या चार रांगा मोकळ्या ठेवून आग्रहाने मागे जाऊन बसलेल्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, इतिहास, शिक्षणशास्त्र अशा विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. त्या मालिकेत नोकरीच्या मुलाखतीसारखा रोकडा विषय मी निवडला याचे काहींना नवल वाटले असेल. पण ज्यांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान होते त्या सरांना ते वाटले नसते. वर्गात उत्तर देताना पुस्तकातले वाक्य म्हणून दाखवले, तर ते शांतपणे म्हणत, "हे लेखकाला ठाऊक होतेच. आता तुझे सांग." मुलाखतीच्या खोलीत नेमके हेच विचारले जाते. फरक एवढाच की तिथे दुसरी संधी मिळत नाही. कार्मिक विभागात माझी तीस वर्षे गेली आणि त्यांतला पुष्कळसा काळ मेजाच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यांच्या ओळीत गेला. त्या अनुभवाच्या आधारे बोलतो आहे.

प्रथम एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करू. मुलाखत हे माणूस पारखण्याचे अचूक साधन नव्हे. अमेरिकेत वॉल्टर डिल स्कॉट या मानसशास्त्रज्ञाने १९१५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. सहा अनुभवी विक्री व्यवस्थापकांनी तेच ३६ उमेदवार स्वतंत्रपणे पारखले. त्यांपैकी २८ जणांबाबत, हा उमेदवार वरच्या निम्म्यात बसवायचा की खालच्या, यावरसुद्धा त्या सहा जणांचे एकमत होईना. पुढे १९२१ साली थोर संशोधक थॉमस एडिसन याने आपल्याकडे येणाऱ्या उमेदवारांसाठी भूगोलापासून रसायनशास्त्रापर्यंतच्या दीडशेच्या आसपास प्रश्नांची जंत्री तयार केली. ती वृत्तपत्रांत फुटली आणि मोठी चर्चा झाली. त्याच सुमारास अमेरिकेत आलेल्या आइन्स्टाइनला ध्वनीचा वेग विचारला गेला. जी गोष्ट पुस्तकात सहज सापडते ती मी डोक्यात वाहून नेत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. आइन्स्टाइनला ते शोभले. तुम्ही आम्ही मात्र ध्वनीचा वेग पाठ करून जावे हे बरे!

आपल्याकडेही मुलाखतीच्या हाती किती सत्ता द्यावी हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली दिलेला निकाल प्रसिद्ध आहे. तिथे १५० पैकी ५० गुण तोंडी परीक्षेला होते, आणि दोन-तीन मिनिटांत घर कुठले, वडील काय करतात एवढेच विचारून विद्यार्थ्यांना बाहेर काढले जाई, अशी तक्रार होती. तोंडी परीक्षेला पंधरा टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे ठरेल, असे न्यायालयाने त्या प्रकरणी म्हटले. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि अराजपत्रित गट 'ब' पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. वशिल्याला तिथे वाव मिळतो, हे त्यामागचे एक कारण होते. तेव्हा 'आधीच ठरलेले असते' ही तक्रार निराधार आहे असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी ते ठरलेले असते. अशा मुलाखतीची तयारी कोणालाच करता येत नाही, तेथून उठून पुढच्या मुलाखतीला जावे. ठरलेल्या नसलेल्या मुलाखतीही पुष्कळ असतात आणि त्या मात्र आपली मुले तयारीअभावी गमावतात. माझा सल आहे तो हा.

आता प्रश्नांकडे वळू. पहिला आणि सर्वांत अधिक उमेदवारांना अडखळवणारा प्रश्न म्हणजे 'स्वतःविषयी सांगा.' हा प्रश्न सोपा वाटतो म्हणूनच घात करतो. खानापूर तालुक्यातील एखादा पदविकाधारक मुलगा डोळ्यांपुढे आणा. तो उभ्या आयुष्यात प्रथमच वातानुकूलित खोलीत चार अनोळखी माणसांसमोर बसला आहे. तो सांगतो, "माझे नाव अमुक, गाव अमुक, वडील शेती करतात, आई गृहिणी आहे, एक बहीण आहे, मला क्रिकेट आणि संगीत ऐकण्याची आवड आहे." यातील एकही शब्द खोटा नाही, परंतु यातील बहुतेक मजकूर समितीसमोरच्या अर्जात छापलेलाच आहे. समितीने कानांनी ऐकले, डोळ्यांनी अर्ज चाळला, आणि दीड मिनिट वाया गेले.

त्याच मुलाने असे सांगितले असते तर? "मी यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या सुट्टीत उद्यमबागेतील एका फाउंड्रीत सहा आठवडे काम केले. तिथे कास्टिंगमध्ये ब्लोहोल पडून माल नाकारला जाई. कोणत्या पाळीत किती नग नाकारले गेले याची नोंद माझ्याकडे होती. वाळूतील ओलावा वाढला की नाकारलेले नग वाढतात, हे त्या नोंदींवरून दिसले. मला गुणवत्ता विभागात काम करायचे आहे, म्हणून इथे अर्ज केला." आपण काय आहोत, काय केले आणि इथे का आलो, हे तिन्ही यात आले, आणि तेही मिनिटभरात. शिवाय त्याने पुढचा प्रश्न स्वतःच समितीच्या हाती ठेवला. आता कोणीतरी विचारणारच, "वाळूतील ओलावा कशाने मोजत होता?" कार्बाइडच्या पावडरीवर चालणारे ते मापक त्याने खरोखर हाताळले असेल तर त्याचा चेहरा खुलेल. नुसते ऐकले असेल तर तो तिथेच अडकेल. म्हणून नियम एकच, ज्याच्यावर आणखी तीन प्रश्न आले तरी चालतील तेवढेच बोलावे.

अलीकडे अनेक कंपन्यांत 'असा एखादा प्रसंग सांगा, जेव्हा...' या शब्दांनी सुरू होणारे प्रश्न फार विचारले जातात. सहकाऱ्याशी मतभेद झाला तो प्रसंग, मुदतीत काम होईना तो प्रसंग, एखादी गोष्ट फसली तो प्रसंग. यामागे निव्वळ फॅशन नाही. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न तयार क्रमाने विचारून ठरलेल्या मापाने गुण दिले, तर मुलाखतीचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा अधिक खरा ठरतो, असे १९९८ आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या दोन मोठ्या आढाव्यांतून दिसले आहे. याचा आपल्याला उपयोग असा की अशा प्रश्नांची तयारी करता येते. एका वहीत आपल्या आयुष्यातील सहा-सात प्रसंग लिहून काढा. प्रत्येकात परिस्थिती काय होती, आपल्याकडे काय काम होते, आपण नेमके काय केले आणि परिणाम काय झाला, एवढे असावे. प्रसंग कारखान्यातलाच हवा असे नाही. गणेशोत्सव मंडळाचा हिशेब ज्याने सांभाळला, वर्गणीत तूट आल्यावर मंडपवाल्याशी बोलणी करून ती भरून काढली, त्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मुलींनी घरच्या डेअरीचा व्यवहार पाहिला असेल, बचत गटाच्या नोंदी ठेवल्या असतील, तर त्याला 'हे काय सांगायचे' म्हणून बाजूला टाकू नये.

इथे आपल्या संस्काराची एक अडचण आड येते. आपल्याकडे 'मी केले' म्हणणे उद्धटपणाचे मानले जाते, त्यामुळे आपली मुले सगळीकडे 'आम्ही' म्हणतात. "आम्ही प्रकल्प केला, आम्ही पहिला क्रमांक मिळवला." समिती विचारते, "त्यात तुमचा वाटा कोणता?" आणि मुलगा गप्प होतो, जणू चोरी पकडली गेली. विनय ही मोठी गोष्ट आहे, पण समितीला नेमणूक एकाच माणसाची करायची असते. "चौघांचा गट होता. त्यातील जोडणी मी केली, आराखडा मित्राचा होता" असे म्हणण्यात गर्वही नाही आणि खोटेपणाही नाही.

'तुमच्यातील उणीव कोणती?' या प्रश्नावर बाजारात मिळणाऱ्या पुस्तकांनी मोठे नुकसान केले आहे. "मी अतिशय परिश्रमी आहे, काम परिपूर्ण झाल्याशिवाय मला चैन पडत नाही," हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की उमेदवाराने तोंड उघडताच माझे सहकारी एकमेकांकडे पाहत. उणीव खरी सांगावी. ती त्या कामाच्या मुळावर येणारी नसावी आणि तिच्यावर आपण काय करतो आहोत तेही सांगावे. हिशेबनीसाच्या जागेसाठी आलेल्याने "माझ्याकडून आकडे चुकतात" म्हणू नये, हे उघड आहे. पण "चार लोकांसमोर बोलताना मी घाबरतो, म्हणून गेले सहा महिने वाचनालयाच्या कार्यक्रमांत सूत्रसंचालन करतो आहे," हे उत्तर ऐकणाऱ्याला पटते, कारण ते उमेदवाराच्या बोलण्यातून तिथेच पडताळता येते.

'पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?' हा मला स्वतःला फारसा न आवडणारा प्रश्न, पण तो विचारला जातो. "तुमच्या खुर्चीत" हे उत्तर विनोदी वाटते आणि बहुधा अंगलट येते. विचारणाऱ्याला कळून घ्यायचे असते की हा माणूस शिकवून तयार केल्यावर लगेच निघून जाणार का. त्या कामात कोणते कौशल्य कमवायचे आहे ते सांगावे, पदांची नावे घेऊ नयेत. 'आमच्याकडेच का?' याची तयारी तर घरबसल्या होते. कंपनी काय बनवते, कोणाला विकते, तिचा वार्षिक अहवाल काय सांगतो, हे आदल्या संध्याकाळी वाचून जाता येते. हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या कारखान्यात जाऊन "आपली कंपनी फार नामांकित आहे" एवढेच बोलणाऱ्याला काय म्हणावे?

शिक्षणात किंवा नोकरीत खंड पडला असेल तर मुले तो लपवू पाहतात. त्याची गरज नाही. वडिलांचे आजारपण, शेतीची अडचण, २०२०-२१ मधील साथीचा काळ, यांपैकी जे कारण असेल ते एका वाक्यात सांगावे आणि त्या काळात काय केले ते दुसऱ्या वाक्यात. सहानुभूतीसाठी तिसरे वाक्य जोडले की ऐकणारा अवघडतो. पगाराच्या प्रश्नाला "आपण द्याल तो" हे उत्तर आपल्याला नम्र वाटते, पण त्यातून एवढेच दिसते की हा चौकशी न करता आला आहे. त्या जागेला त्या शहरात साधारण काय मिळते हे माजी विद्यार्थ्यांना विचारून जावे आणि एक टप्पा सांगावा. 'सीटीसी' म्हणून जो मोठा आकडा सांगतात त्यात मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही बहुधा धरलेली असते. दरमहा हाती किती पडणार, हे विचारण्यात कमीपणा नाही.

आता ज्या विषयासाठी मी मुख्यतः इथे आलो त्याकडे येतो. तो विषय भाषेचा. आपल्या शाळेतून मराठी माध्यमातून शिकून बाहेर पडलेला मुलगा पुण्यात, बंगळुरात मुलाखतीला बसतो तेव्हा त्याला प्रश्न समजतो, उत्तरही ठाऊक असते, पण ते मराठीत असते. ते मनातल्या मनात इंग्रजीत नेईपर्यंत समितीने तो मंद आहे असे ठरवलेले असते. याला उपाय म्हणजे इंग्रजी संभाषणाचा वर्ग, असे सर्वजण सांगतात. मी उलट क्रम सांगेन. आधी आपले सगळे म्हणणे मराठीत नीट लिहून काढा. ज्याला आपल्या भाषेत मुद्देसूद सांगता येत नाही, त्याला परक्या भाषेत येणार नाही. मग तेच लहान लहान इंग्रजी वाक्यांत उतरवा, एका वाक्यात एकच गोष्ट. ते मोठ्याने म्हणा, भ्रमणध्वनीवर मुद्रित करून ऐका. पाठ मात्र करू नका. पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की पुढची सगळी माळ तुटते. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारण्याची विनंती करावी, याला कोणी गुण कापत नाही. आणि "मी मराठी माध्यमाचा आहे" हे वाक्य क्षमा मागण्याच्या स्वरात कधीही उच्चारू नये.

पुष्कळांना ठाऊक नसते म्हणून सांगतो. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुख्य परीक्षा मराठीतून लिहिण्याची सोय १९७९ पासून आहे, आणि तशी ती लिहिणाऱ्याला मुलाखतही मराठीतून देता येते. तिथे दुभाषा असतो. २०२५ गुणांपैकी २७५ गुण या व्यक्तिमत्त्व चाचणीचे आहेत.

या सभागृहात आणखी एक गोष्ट बोलायला हवी, कोणाला रुचो न रुचो. कर्नाटकातील कारखान्यात वा बँकेत जागा हवी असेल तर "कन्नड येते का?" हा प्रश्न येणारच. आपल्या कित्येक मुलांना बाजारापुरते कन्नड येत असूनही ती "नाही" म्हणतात. सीमाप्रश्नावरची आपली भूमिका ही एक गोष्ट आणि शेजारच्या यंत्रावरील कामगाराशी बोलण्याची भाषा ही दुसरी. जेवढे येते तेवढे सांगावे, आणि लिहिता-वाचता येत नसेल तर तेही सांगावे.

सीमाप्रश्नच एखाद्या समितीने विचारला तर? बेळगावच्या मुलाला, विशेषतः स्पर्धा परीक्षांत आणि सैन्यदलाच्या निवड मंडळासमोर, तो विचारला जाण्याची शक्यता पुष्कळ. तिथे घोषणा नको आणि "मला राजकारण कळत नाही" हेही नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला आणि त्याने १९६७ साली अहवाल दिला. त्यात बेळगाव शहर तेव्हाच्या मैसूर राज्यात ठेवून निपाणी, खानापूर यांसारखा भाग महाराष्ट्राला द्यावा असे सुचवले होते. महाराष्ट्राने तो अहवाल स्वीकारला नाही, कर्नाटकाचा त्यावर आग्रह राहिला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. एवढे क्रमाने सांगावे, दोन्ही बाजूंचा युक्तिवाद प्रामाणिकपणे मांडावा आणि मग विचारले तर आपले मत शांतपणे सांगावे. समितीला आपले मत काय आहे यापेक्षा, ज्या प्रश्नाने आपले रक्त तापते त्यावर आपण कसे बोलतो हे पाहायचे असते.

गावाविषयीचे साधे प्रश्नही असेच. अर्जात 'बेळगाव' लिहिणाऱ्याला वेणुग्राम हे जुने नाव ठाऊक नसते. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली झालेले काँग्रेसचे एकमेव अधिवेशन इथे झाले, हे ठाऊक नसते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रावरून रोज जाणाऱ्याला त्या पलटणीविषयी दोन वाक्ये बोलता येत नाहीत. छंदाच्या रकान्यात 'वाचन' लिहिले असेल तर अलीकडे वाचलेल्या पुस्तकाचे नाव, लेखक आणि त्यातले काय पटले नाही हे सांगता आले पाहिजे. ज्या गोष्टीवर दहा मिनिटे बोलता येत नाही, ती अर्जात लिहू नये.

मुलींना एक वेगळा प्रश्न हमखास विचारला जातो. लग्न कधी करणार, आणि झाले असेल तर मुलांचे काय? या प्रश्नाचा कामाशी संबंध नाही आणि तो मुलांना कोणी विचारत नाही. आयुर्विमा महामंडळाच्या नेमणूक-अर्जात स्त्रियांना मासिक पाळी आणि गर्भारपणाविषयी माहिती भरावी लागे. १९९० च्या दशकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने ते रकाने स्त्रीच्या शालीनतेला धक्का देणारे ठरवून काढून टाकण्यास सांगितले. खोलीत बसून कायदा सांगणे प्रत्येकीला परवडत नाही, हे मी जाणतो. तेव्हा एवढेच म्हणावे: "या जागेची वेळ, फिरती आणि जबाबदारी मी वाचली आहे, ती मला मान्य आहे." त्यावरही कोणी खोदून विचारू लागला, तर त्या कार्यालयाविषयी आपल्याला बरेच काही कळलेले असते. आज इथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे समित्यांवर बसतात, त्यांनी हा प्रश्न आपल्या टेबलावरून उठू देऊ नये.

पोशाख स्वच्छ आणि अंगाला सवयीचा असावा, मूळ कागदपत्रे एका फाइलीत क्रमाने लावलेली असावीत, अर्धा तास आधी पोचावे. मुलाखत संगणकावर असेल तर उजेड चेहऱ्यावर समोरून येईल असे बसावे आणि घरच्यांना दाराशी येऊ नका म्हणून सांगावे. यावर अधिक वेळ घेत नाही. उत्तर ठाऊक नसेल तर "मला ठाऊक नाही" म्हणावे. अंदाजच करायचा असेल तर हा अंदाज आहे असे सांगून करावा. शेवटी "तुम्हाला काही विचारायचे आहे का?" असे म्हणतात, तेव्हा "नाही" म्हणून उठू नये. "पहिल्या सहा महिन्यांत या जागेवरील माणसाकडून आपली काय अपेक्षा असेल?" एवढे विचारले तरी पुरे.

मात्र हे सगळे ऐकून येत नाही, बोलून येते. म्हणून संस्थेपुढे एक सूचना ठेवतो आणि पदाधिकाऱ्यांनी ती आजच विचारात घ्यावी अशी विनंती करतो. इथे आज बँकेत, कारखान्यात, सैन्यदलात, माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काम करणारे पुष्कळ माजी विद्यार्थी आहेत. महिन्याच्या एका रविवारी त्यांपैकी तिघांनी शाळेत येऊन मेजामागे बसावे आणि दहा मुलामुलींच्या सराव मुलाखती घ्याव्यात. ओळखीच्या माणसाने समोर बसून परक्यासारखे प्रश्न विचारले की पहिल्या वेळी हसू येते, दुसऱ्या वेळी घाम येतो आणि तिसऱ्या वेळी उत्तर येते. यासाठी पैसे लागत नाहीत, खोली शाळेची आहे. कार्यालयाच्या दाराशी मी एक वही ठेवली आहे. जाताना ज्यांना शक्य असेल त्यांनी नाव, क्षेत्र आणि सोयीचा रविवार लिहावा. पहिला रविवार माझा धरा.

प्रश्नोत्तरांसाठी अध्यक्षांनी वीस मिनिटे दिली आहेत. सुरुवात मागच्या रांगांपासून करू या.